बांध दुरुस्तीचं ठोक काम : काय मिळतं, काय मागून घ्यावं लागतं

एप्रिल लागला की मराठवाड्यात पोकलेन आणि जेसीबीवाल्यांचा हंगाम सुरू होतो. विहिरी, शेततळी, गाळ आणि त्याच्या जोडीला जुन्या मातीच्या बांधांची दुरुस्ती. स्वतःच्या वावरातलं लवण, म्हणजे पाणी वाहतं ती सखल जागा, अडवून तीन ते सहा मीटर उंचीचा खाजगी बांध ज्यांनी घातलाय, त्यांना मशिनवाला एक ठोक काम देऊ करतो: भरावावरची झाडं काढणं, माथा भरून उंच करणं, दोन्ही उतार बकेटने ओढून सारखे करणं, पाण्याच्या बाजूला दगड टाकणं आणि सांडव्याचं, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेचं, तोंड मोकळं करणं. तीन-चार दिवसांत काम उरकतं. हे परीक्षण त्या सेवेचं आहे, कुणा एका मशिनवाल्याचं नाही. बीडला घ्या नाहीतर हिंगोलीला, या पॅकेजचा साचा फारसा बदलत नाही.

मत आधीच सांगतो. मशिन चालवणाऱ्यांचा हात चांगला असतो, वेग चांगला असतो, उतार तर असा ओढून देतात की बघत राहावं. पण पॅकेजचा क्रम उलटा आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या कामावर डिझेल जळतं आणि बांध ज्यामुळे टिकतो ते काम उरल्या वेळात होतं किंवा होतच नाही. म्हणून सेवा घ्या, पण जशी देतात तशी घेऊ नका. जशी देतात तशी ती पाचपैकी दोन गुणांची आहे. खाली सांगितलेल्या अटी घालून घेतली तर चार गुणांची होते.

आणि ही अट मालकानेच घालायची, कारण दुसरं कुणी येणार नाही. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला, तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधल्या धरणांना लांबी, साठा, पूर किंवा पाया अशा काही अटी बसल्या तरच. पाच मीटरचा खाजगी बांध त्यात बसत नाही. त्याची तपासणी करायला कुणी अभियंता येत नाही, पण खाली वस्ती असेल तर पाणी मात्र त्याच वेगाने जातं.

टँकर नाही तर दबाई नाही

मशिनवाल्याचा अंदाज हातात आला की सगळ्यात आधी एक गोष्ट बघा: त्यात पाण्याचा टँकर आणि रोलर आहे का. बहुतेक वेळा नसतो. "पोकलेन वर चढवून दाबून देतो" असं सांगितलं जातं. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटतं. पण पोकलेनची चेन बनवलेलीच असते वजन पसरवून टाकण्यासाठी, म्हणजे ती चिखलात रुतू नये म्हणून. २० टनी मशिनचा जमिनीवरचा दाब चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. चालत्या माणसाच्या पायाखालच्या दाबापेक्षा फार जास्त नाही. वरचे दोन-चार इंच दबल्यासारखे दिसतात, खाली माती भुसभुशीत राहते. बकेट आपटून तर नुसता आवाज होतो.

काळ्या मातीला मेंढीच्या खुरासारखे दांडे असलेला शीपफूट रोलर लागतो. त्याच्या एकेका खुराखालचा दाब चेनच्या कित्येक पट असतो आणि तो थराच्या पोटात जाऊन मळतो. सुटी माती २० ते २२ सेंटिमीटर पसरायची, दबून १५ राहिली पाहिजे. एका थरावर आठ ते दहा फेऱ्या. खुर सुरुवातीला पूर्ण आत जातात, मग फेरीगणिक वर येत जातात. वरवरच टेकायला लागले की थर झाला. मुरमाला मात्र गुळगुळीत व्हायब्रेटर रोलर चालतो. बांध लहान असेल आणि रोलर वळायला जागा नसेल तर माती ठोकायचा यांत्रिक धुम्मस भाड्याने घ्या, पण थर १० सेंटिमीटरचाच ठेवा.

आता पाणी. मे महिन्यात खोदलेली काळी माती म्हणजे दगडासारखी ढेकळं. ती कोरडी दाबली तर ढेकळं एकमेकांवर बसतात, मधली पोकळी तशीच राहते आणि पहिल्या भरण्याला पाणी त्या पोकळ्यांतून वाट काढतं. काळी माती नीट दबायला तिच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० ते ३० टक्के ओल लागते. मे महिन्यातल्या मातीत ती जेमतेम निम्मी असते. म्हणजे सुट्या मातीच्या एका घनमीटरला १५० लिटरच्या आसपास पाणी, एका ब्रासला (१०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर) सव्वाचारशे. ३० ब्रास सुट्या मातीला १२-१३ हजार लिटर. पाच हजारी टँकरच्या किमान अडीच खेपा, आणि त्या भरावावर ओतून नाही, आदल्या दिवशी खदानीतल्या मातीवर मारून. माती रात्रभर मुरली पाहिजे. वरून मारलेलं पाणी ढेकळाला बाहेरून चिकट करतं, आत ते कोरडंच राहतं.

ओल बरोबर आहे का हे हातात कळतं. मूठभर माती दाबून लाडू करा. लाडू टिकला, तळव्याला चिखल लागला नाही, आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर दोन-तीन तुकडे झाले, तर बरोबर. पीठ झालं तर कोरडी, पसरून चपटा झाला तर जास्त ओली. दुसरी खूण: तळहातावर वळून पेन्सिलच्या शिशापेक्षा किंचित जाड, म्हणजे तीन मिलिमीटरची दोरी करा. तेवढी बारीक होताना ती चिरायला लागली की ओल दबाईच्या जवळ आली.

मे महिन्यात टँकर कुठून आणायचा, हा प्रश्न मराठवाड्यात खराच आहे. त्याचं उत्तर एकच: मेमध्ये हे काम करू नका. माथ्याचं आणि कोरड्या बाजूचं काम दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत काढा. तेव्हा जमिनीत ओल असते, बांधात पाणी असतं, मशिनवाल्याकडे गर्दी नसते, आणि गळती कुठे आहे ते पाणी भरलेलं असतानाच दिसतं. मेमध्ये बांध कोरडा पडल्यावर कुठे पाझरत होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

जुन्या भरावावर नवी माती तशीच ओतली तर ती वेगळीच राहते, आणि पहिल्या मोठ्या पावसात सोलल्यासारखी घसरते. आधी गवतासह वरची १५ सेंटिमीटर माती काढायची, उतारावर ३० सेंटिमीटरच्या पायऱ्या पाडायच्या, पृष्ठभाग दाताळ्याने ओरखडून ओला करायचा आणि मग पहिला थर. अंदाजपत्रकात "पायऱ्या पाडून" हे दोन शब्द लिहून घ्या.

माथा उंच करण्याचा हिशेब

"अर्धा मीटर उंची वाढवून देतो" ही या पॅकेजमधली सगळ्यात आवडती आणि सगळ्यात फसवी ओळ आहे. पाण्याच्या बाजूला १:२.५ (एक मीटर उंचीला अडीच मीटर आडवं), कोरड्या बाजूला १:२ उतार आणि तीन मीटर माथा असलेला पाच मीटर उंचीचा बांध घ्या. त्याची पायारुंदी साडेपंचवीस मीटर येते. दोन्ही उतार तसेच ठेवून नुसता माथा अर्धा मीटर वर नेला, तर वर उरते पाऊण मीटर रुंदी. त्यावरून ट्रॅक्टर सोडा, बैल नेता येत नाही. मग मशिनवाला काय करतो, वरचा भाग उभा कापल्यासारखा रचून रुंदी दाखवतो. तो उभा भाग दोन पावसांत ढासळतो.

तीन मीटर माथा राखून खरोखर अर्धा मीटर उंची घ्यायची तर कोरड्या बाजूचा सगळा उतार पायथ्यापासून सव्वादोन मीटरने जाड करावा लागतो. मीटर लांबीला सव्वातेरा घनमीटर माती, म्हणजे पावणेपाच ब्रास. फसव्या पद्धतीत लागते मीटरला एक घनमीटरसुद्धा नाही. दोन्हीत चौदा पटींचा फरक आहे, तेव्हा ठोक रकमेत कुठली पद्धत धरली आहे हे ओळखणं अवघड नाही. साठ मीटरच्या बांधाला पहिल्या पद्धतीत ८०० घनमीटर भराव, दुसऱ्यात ६० सुद्धा नाही.

बहुतेक बांधांना उंची वाढवायची गरजच नसते. गरज असते खचलेला भाग मूळ पातळीला आणायची. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, सांडव्याच्या उंबऱ्यापासून, म्हणजे पाणी ज्या कडेवरून बाहेर पडतं तिथून, सुरुवात करा आणि माथ्यावर दर दहा मीटरला खुंटी मारून पातळी लिहा. हे अर्ध्या दिवसाचं काम. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या माथ्यात मधोमध, जिथे मूळ ओढ्याचं पात्र होतं आणि भराव सगळ्यात जाड आहे, तिथे वीस-तीस सेंटिमीटरची बसकण निघते. ८० मीटर लांब, तीन मीटर रुंद, सरासरी ३० सेंटिमीटर भरायचं असेल तर ७२ घनमीटर, २५ ब्रास दबलेली माती. सुटी आणावी लागेल ३४ ते ३७ ब्रास. ट्रॉलीच्या खेपा या आकड्याशी ताडून पाहा.

काळ्या मातीचा माथा उघडा ठेवू नका. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर ३० सेंटिमीटर मुरमाचं पांघरूण आणि पाण्याच्या बाजूला हलका ढाळ, मीटरला दोन-तीन सेंटिमीटर. ढाळ कोरड्या बाजूला दिला तर पावसाचं पाणी तिकडच्या उतारावर घळी पाडतं. हे काम मशिनवाले चांगलं करतात, मुरूम पसरण्यात त्यांना तोड नाही.

सांडवा: पॅकेजमधली सगळ्यात कच्ची ओळ

"सांडव्याचं तोंड मोकळं करणं" याचा अर्थ मशिनवाल्याच्या लेखी दहा-पंधरा मिनिटांचं काम. आमच्या लेखी सगळ्या पैशांपैकी निम्मे इथे जायला हवेत. मातीचा बांध भरावावरून पाणी वाहिलेलं सहन करत नाही. पाणी कोरड्या उताराच्या पायथ्याशी खड्डा पाडतं, खड्डा वर सरकत माथ्यापर्यंत येतो, आणि लहान बांधात हे तासा-दोन तासांत उरकतं. गुजरातमधलं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला गेलं आणि मोरबी बुडालं, ते पाणी भरावावरून वाहिल्यामुळेच.

सांडवा किती रुंद हवा याचा अंदाज कुणीही काढू शकतो. बांधाला पाणी देणारं शिवार १०० एकर, म्हणजे ४० हेक्टर धरा. भिजलेली काळी रानं निम्मं पाणी वाहून देतात असं धरा. सरकारी हिशेबात २४ तासांत ६५ मिलिमीटर म्हणजे अतिवृष्टी, पण लहान बांधाचा जीव दिवसाच्या पावसात नाही, तासाच्या पावसात असतो. तासाला ७५ मिलिमीटरचा जोर धरला तर ०.५ गुणिले ७५ गुणिले ४०, भागिले ३६०: सेकंदाला सव्वाचार घनमीटरच्या जवळ. उंबऱ्यावरून अर्धा मीटर खोलीने पाणी गेलं तर मीटर रुंदीतून सेकंदाला ०.६ घनमीटर जातं. म्हणजे सात मीटर रुंदी कमीत कमी. खडबडीत, झुडपी, न बांधलेल्या सांडव्याला नऊ धरा. आता खोली अर्ध्याऐवजी ३० सेंटिमीटरच ठेवायची असेल तर रुंदी पंधरा मीटर लागते. शेतातले कितीतरी सांडवे तीन-चार मीटरचे असतात, कारण खोदताना जेसीबीच्या दोन बकेटांएवढी रुंदी पुरेशी वाटली.

पाणी सांडव्यातून पूर्ण जोरात जात असताना त्या पाण्यापासून माथा एक मीटर वर हवा. म्हणजे उंबरा ते माथा दीड मीटर. ज्या बांधाला हे अंतर जेमतेम ८० सेंटिमीटर आहे, तिथे सांडव्यात जास्त पाणी अडवायला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या भरून ३० सेंटिमीटर उंचीच्या लावल्या, की उरतं अर्धा मीटर. वरच्या हिशेबातला पूर नेमका अर्धा मीटर खोलीने जातो. पाणी माथ्याला टेकतं, आणि मधली बसकण असेल तिथून वाहू लागतं. त्यात गोण्यांना तुराट्या, काटेरी झुडपं, प्लास्टिक अडकलं की अर्धा मीटरही मिळत नाही. हातभर जास्त पाण्यासाठी अख्खा बांध पणाला लावण्याचा हा प्रकार जिवावर उठणारा आहे. मशिनवाल्यांपैकी काही जण "सांडवा अजून वर उचलून देऊ का" असं स्वतःहून विचारतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणा.

आपल्याकडे हे आणखी महत्त्वाचं, कारण मोठा पाऊस बऱ्याचदा उत्तरा-हस्तात येतो, बांध आधीच तुडुंब असताना. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूर भागाने ते पाहिलं. मृगात रिकाम्या बांधावर पडलेला पाऊस साठून जातो. हस्तातला प्रत्येक थेंब सांडव्यातूनच जावा लागतो.

मशिनवाल्याकडून सांडव्यात चार गोष्टी करून घ्या. सांडवा भरावावर नसावा, बाजूच्या मूळ जमिनीत, जमलं तर कठीण मुरमात असावा. उंबऱ्यावर काँक्रीटची किंवा दगडी बांधकामाची आडवी भिंत, किमान ६० सेंटिमीटर खोल पायाची, म्हणजे पातळी दरवर्षी खाली झिजत जाणार नाही. भरावाच्या बाजूने दगडी आडभिंत, म्हणजे वळणारं पाणी भरावाच्या कुशीत घुसणार नाही. आणि सांडव्यानंतरचा चर थेट जुन्या ओढ्यापर्यंत, पायथ्यापासून लांब. त्या चरात पाणी जिथे उडी मारतं तिथला खड्डा दर पावसाळ्यात मागे सरकतो. तो उंबऱ्यापर्यंत पोचला की सांडवाच वाहून जातो. खड्ड्यात जाळीत भरलेले दगड, म्हणजे गॅबियन, टाकले की थांबतो. दगड सुटे टाकले तर पहिल्याच पुरात पुढे जातात.

पोटातला पाइप

पाणी सोडायला भरावातून काढलेला पीव्हीसी पाइप बहुतेक पॅकेजमध्ये धरलेलाच नसतो, आणि धरला असेल तर "नवीन पाइप टाकून देतो" एवढंच. हा नवीन पाइप टाकायला मशिनवाला भराव वरपासून खालपर्यंत उभा कापतो, पाइप ठेवतो आणि माती लोटून बुजवतो. गोल पाइपच्या खालच्या दोन कुशींत कुठलाच रोलर किंवा धुम्मस पोचत नाही. तिथे पोकळी राहते आणि पाणी पाइपमधून नाही, पाइपला चिकटून बाहेरून वाहतं. सुरुवातीला दोरीएवढं, मग मनगटाएवढं. विमोचकाभोवतीचा, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेभोवतीचा, भराव किती नाजूक असतो ते पानशेतने १२ जुलै १९६१ ला दाखवलं. तिथेही अर्धवट राहिलेल्या विमोचकावरचा भराव खचत गेला होता.

आमची शिफारस सरळ आहे: लहान खाजगी बांधात नवीन पाइप भरावातून टाकूच नका. माथ्यावरून वक्रनळी, म्हणजे सायफन, न्या. ११० मिलिमीटरचा पाइप, पाण्यातल्या टोकाला फूट व्हॉल्व्ह, बाहेरच्या टोकाला बटरफ्लाय व्हॉल्व्ह, माथ्यावर टी जोडून पाणी भरायला झाकण. पाण्याच्या पातळीपासून माथ्यावरच्या पाइपपर्यंतची उंची पाच-साडेपाच मीटरच्या आत असेल तोवर नळी चालते. त्यापुढे हवा धरते. बाहेरचं टोक आतल्या पाणीपातळीच्या खाली हवं, आणि सांधे हवाबंद हवेत. पाण्याची गळती दिसते, हवेची दिसत नाही.

जुना पाइप आहेच आणि काढता येत नसेल तर बाहेरच्या तोंडाभोवती वाळूचा गळपट्टा करून घ्या: कोरड्या बाजूच्या शेवटच्या एक तृतीयांश लांबीत पाइप उघडा करायचा, चहूबाजूंनी किमान ४५ सेंटिमीटर धुतलेली वाळू, बाहेर खडी. पाण्याला वाट मिळते, मातीला मिळत नाही. क्रशरची डस्ट यात चालत नाही, तिच्यातली पीठ वाट बंद करते. वॉश सँड घ्या. व्हॉल्व्ह बाहेरच्या टोकाला असेल तर भरावातला पाइप कायम दाबाखाली असतो, सांधा सुटला की भराव आतून भिजतो. झडप पाण्याच्या बाजूला हवी.

झाडं, घुशी, भेगा

झाडं काढण्याचं काम पोकलेन उत्तम करतं, फक्त पद्धत सांगावी लागते. वेडी बाभूळ, सुबाभूळ, निंब मनगटाएवढे असतील तोवर मुळासकट उपटा आणि खड्डा थराथराने दाबून भरा. नुसतं वरून छाटलेलं वेडं बाभूळ दुप्पट फुटतं. मोठं झाड नुसतं कापून सोडलं तर चार-पाच वर्षांत मूळ कुजतं आणि भरावातून आरपार तयार नळी मिळते. त्याचा बुंधा काढायचा तर पाणी उतरलेलं असताना, बोटाएवढ्या मुळांपर्यंत खणून, आणि उतार पुन्हा बांधून. उघड्या झालेल्या कोरड्या उतारावर हरळी किंवा मारवेल लावा. पॅकेजमध्ये उतार "चकाचक" करून देतात, आणि तो उघडा राहतो. गवत नसलेल्या उतारावर पहिल्या पावसातच घळी पडतात.

तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं तेव्हा खेकड्यांनी ते पोखरलं अशी चर्चा राज्यभर झाली. लहान बांधात लक्ष द्यायचं ते घुशीकडे. खेकड्याचं बीळ पाणरेषेजवळ असतं, घूस कोरड्या बाजूने खोल आत जाते. बिळाच्या तोंडात दगड कोंबून ते बंद होत नाही. बीळ संपेपर्यंत खणा आणि ओलसर मातीचे थर धुम्मसने दाबा.

भेगांचे दोन प्रकार. बांधाच्या लांबीने जाणारी भेग, विशेषतः अर्धचंद्रासारखी वळलेली आणि खाली उताराला फुगवटा असलेली, म्हणजे उतार घसरायला लागलाय. पाणी हळूहळू उतरवा आणि फुगवट्याच्या खाली पायथ्याशी दगड-मुरमाचं वजन द्या, वरून माती घालू नका. बांधाला आडवी, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूला जाणारी भेग जास्त धोक्याची, कारण ती पाण्याची तयार वाट आहे. मशिनवाले भेगेत कोरडी माती लोटून वरून बकेट फिरवतात. ते काम शून्य गुणांचं. भेगेत चुन्याचं पाणी ओता, पांढरी रेघ जिथपर्यंत गेली त्याच्या ३० सेंटिमीटर खाली आणि दोन्ही अंगांना तेवढंच रुंद खणा, मग ओल्या काळ्या मातीने दहा-दहा सेंटिमीटरने भरत या.

दगड आणि गाळ

पिचिंगबद्दल, म्हणजे पाण्याच्या बाजूच्या दगडी अस्तराबद्दल, थोडक्यात: दगड ३० सेंटिमीटर जाडीचे, हाताने बसवलेले, खाली १५ सेंटिमीटर खडी-मुरमाची बैठक. बैठकीशिवाय टिप्परमधून ओतलेल्या दगडांच्या फटीतून लाटा माती ओढून नेतात आणि दगड खाली सरकतात. पैसे कमी असतील तर पिचिंग पुढच्या वर्षी करा, सांडवा या वर्षी.

गाळ काढण्याचं काम याच मशिनला जोडून दिलं जातं आणि इथे नुकसान नकळत होतं. पोकलेन भरावाच्या पायथ्याला लागून खणतं, कारण गाळ तिथे सगळ्यात जाड असतो. त्याने उताराचा टेकू निघतो आणि पाण्याखालच्या मुरमावर बसलेलं गाळाचं अस्तरही जातं, म्हणून पुढच्या वर्षी अचानक गळती वाढते. पायथ्यापासून भरावाच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडून चुन्याची रेघ मारा, तिच्या आत बकेट नको. आणि निघालेला गाळ माथ्यावर किंवा उतारावर टाकू देऊ नका. मऊ, सेंद्रिय, पाणी धरणारा गाळ भरावाचं वजन वाढवतो, ताकद नाही. त्याची जागा वावरात.

व्यवहार कसा करावा

ताशी दरात मशिन घेतलं तर पायऱ्या, थर, ओल या सगळ्यांना वेळ देता येतो. ठोक दरात मशिनवाल्याला घाईच परवडते, हा त्याच्या हेतूचा नाही, व्यवहाराचा दोष आहे. मधला मार्ग चांगला: भराव दबलेल्या ब्रासवर मोजायचा, सांडवा आणि पाइप वेगळ्या ठोक रकमेत, आणि दहा-पंधरा टक्के रक्कम हस्त संपेपर्यंत राखून ठेवायची. खुंट्यांच्या पातळ्या कामाआधी, कामानंतर आणि बांध पहिल्यांदा भरल्यावर, अशा तीनदा लिहायच्या. नीट दबलेला नवा थर अगदी थोडा बसतो. ३० सेंटिमीटरचा थर पाच सेंटिमीटर बसला तर दबाई झालेली नाही, आणि राखलेली रक्कम त्यासाठीच आहे.

या सेवेत पावसाळ्यातली एकही चक्कर नसते, ही तिची सगळ्यात मोठी उणीव. ती चक्कर मालकाने मारायची: पहिल्या मोठ्या पावसानंतर, बांध भरल्यावर, आणि भरलेला असेतोवर आठवड्याला एकदा, सकाळी लवकर, कोरड्या पायथ्याने चालत. ओलसर हिरवा पट्टा दिसला तर खुंटी मारून ठेवा. पाणी वाहत असेल तर २० लिटरची बादली किती वेळात भरते ते लिहा, आणि काचेच्या बाटलीत नमुना अर्धा तास स्थिर ठेवा. पाणी स्वच्छ आणि वेग तोच असेल तर पाझर आहे, सांभाळता येतो. तळाशी गाळ बसला किंवा बादली पहिल्यापेक्षा लवकर भरायला लागली, तर भराव आतून धुतला जातोय. अशा तोंडावर काळी माती थापू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. आधी वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड, भोवती गोण्यांचं कडं. दुसरीकडे वक्रनळी आणि मोटारी लावून पातळी उतरवायला घ्या. भराव कापून पाणी काढायचा विचारही नको. खालच्या वस्तीला आणि तलाठ्याला लगेच सांगा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७.

यासाठी लागणारी दोन ब्रास वॉश सँड, एक ब्रास खडी आणि दोनशे रिकाम्या गोण्या मशिन शिवारात असतानाच आणून टाकून घ्या. ढीग बांधाच्या कोरड्या बाजूला, पण सांडव्याच्या चराच्या अलीकडे, आणि मुरमाच्या वाटेला लागून हवा. सप्टेंबरात काळ्या रानातून ट्रॉली जात नाही.